७६८ ओळींची गोष्ट: लॅपटॉपचं स्क्रीन रिझोल्यूशन निवडण्याआधी थोडा इतिहास



पीएचडीचा प्रवेश नक्की झाला किंवा फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात आला, की बहुतेकांची पहिली मोठी खरेदी असते लॅपटॉपची. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती यावर आठवडाभर चर्चा रंगते. स्क्रीनच्या रकान्यात मात्र 'एचडी' किंवा 'फुल एचडी' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचून आपण पुढे सरकतो. खरं तर एसएसडी नंतर बदलता येते, अनेक मॉडेल्समध्ये रॅमही वाढवता येते. स्क्रीन बदलणं मात्र खर्चिक आणि कटकटीचं असतं. आणि पुढची चार-पाच वर्षं, पेपर वाचताना, ग्राफ काढताना, थीसिस लिहिताना, रोज सहा-आठ तास आपण बघणार असतो ती स्क्रीनच.

'अमुक घ्या' एवढंच सांगून हा लेख दोन ओळींत संपवता आला असता. पण १३६६×७६८, १९२०×१०८० असे विचित्र आकडे आले कुठून, हे कळलं की कोणता आकडा तुमच्या कामाचा आणि कोणता फक्त कारखान्याच्या सोयीचा, हे तुम्हाला स्वतःच ठरवता येईल. म्हणून आधी इतिहास, मग निवड.

आधी शब्द नीट समजून घेऊ

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर रिझोल्यूशन म्हणजे विभेदन क्षमता, हे तुम्हाला माहीत आहे. सूक्ष्मदर्शक असो की दुर्बीण, जवळजवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात की नाही, हा तिथला प्रश्न. बाजारात ज्याला रिझोल्यूशन म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे. १९२०×१०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल. ही नुसती मोजदाद झाली. तेवढेच पिक्सेल फोनवर असतात आणि भिंतीवरच्या टीव्हीवरही असतात. विभेदनाशी थेट संबंध आहे तो घनतेचा, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात त्याचा. याला पीपीआय म्हणतात.

हिशोब सोपा आहे. पायथागोरस लावून कर्णावरचे पिक्सेल काढायचे आणि स्क्रीनच्या कर्णाच्या इंचांनी भागायचं. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६×७६८ असेल तर घनता येते साधारण १००. त्याच आकारात १९२०×१०८० असेल तर १४१. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

८० अक्षरांची ओळ

आयबीएमनं १९२८ मध्ये ८० स्तंभांचं पंच कार्ड आणलं. एका कार्डावर ८० अक्षरं. पुढे कार्डांची जागा टर्मिनलनं घेतली, पण कार्डांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम, फॉर्म आणि सवयी तशाच राहिल्या. त्यामुळे पडद्यावरची ओळही ८० अक्षरांचीच झाली. १९७८ चं प्रसिद्ध व्हीटी१०० टर्मिनल घ्या: ८० स्तंभ, २४ ओळी.

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा त्याच्या मोनोक्रोम पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी होत्या. प्रत्येक अक्षराला ९ पिक्सेल रुंद आणि १४ पिक्सेल उंच अशी चौकट दिलेली होती. आता गुणाकार करून बघा: ८० गुणिले ९ म्हणजे ७२०, आणि २५ गुणिले १४ म्हणजे ३५०. त्या पडद्याचं रिझोल्यूशन होतं ७२०×३५०! रंगीत सीजीए कार्डावर हीच चौकट ८×८ ची होती, म्हणून ६४०×२००. थोडक्यात, पिक्सेलची संख्या आधी ठरली आणि मग त्यात अक्षरं बसवली असं झालं नाही. आधी कार्डावरची ओळ होती, पिक्सेल तिच्या मागून आले.

१९८७ च्या व्हीजीएमध्ये ६४० ही रुंदी कायम राहिली आणि उंची झाली ४८०. त्या वेळच्या काचेच्या नळीच्या पडद्याचं प्रमाण होतं ४:३. ६४० चे तीन चतुर्थांश म्हणजे ४८०, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल चौरस झाला. वर्तुळ काढलं तर वर्तुळच दिसेल, अंडं नाही. ग्राफ काढणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही मोठीच सोय होती.

पडदा मांडीवर येतो

लॅपटॉपमध्ये काचेची जड नळी बसवणं शक्य नव्हतं, त्यामुळे तिथे गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. १९८२ च्या ग्रिड कंपासला आजच्या लॅपटॉपचा पूर्वज मानतात, कारण पडदा कीबोर्डवर मिटायची आजची रचना त्यात होती. त्याचा पडदा होता ३२०×२४० चा, आणि किंमत आठ हजार डॉलरहून जास्त. नासानं तो अंतराळयानातही वापरला. १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० पत्रकारांचा लाडका होता. त्यावर ४० अक्षरांच्या फक्त आठ ओळी दिसायच्या, म्हणजे २४०×६४ पिक्सेल. बातमी लिहायला तेवढं पुरायचं.

१९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला. १०.४ इंची रंगीत टीएफटी पडदा आणि ६४०×४८०. म्हणजे टेबलावरच्या पीसीला १९८७ मध्ये जे मिळालं होतं, ते पाच वर्षांनी रंगीत होऊन मांडीवर आलं. त्याची घनता काढून बघा, ७७ येईल.

इथे एक तांत्रिक बदल झाला, आणि तो आजही आपल्याला छळतो. काचेच्या नळीत पिक्सेल ही पक्की जागा नसायची, त्यामुळे रिझोल्यूशन कमी-जास्त केलं तरी चित्र बऱ्यापैकी दिसायचं. एलसीडीमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेल काचेवर कायमचा कोरलेला असतो. १९२० पिक्सेलच्या पॅनेलवर तुम्ही सेटिंगमधून १३६६ निवडलंत तर एका पिक्सेलचं चित्र सुमारे १.४ पिक्सेलवर पसरवावं लागतं. पिक्सेलचे तुकडे होत नाहीत, म्हणून अक्षरं धूसर होतात. अक्षरं लहान वाटतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. तसं करू नका. रिझोल्यूशन पॅनेलचं मूळ तेच ठेवा आणि स्केलिंग वाढवा.

७६८ वर अडकलेली गाडी

१९९० मध्ये आयबीएमनं एक्सजीए आणलं आणि १०२४×७६८ हा आकडा रुळला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो साध्या लॅपटॉपवरही दिसू लागला. मग २००८ च्या सुमारास लॅपटॉप १६:९ कडे वळले आणि १३६६×७६८ आलं. आकडा विचित्र आहे, पण कारण साधं आहे. ७६८ ला १६:९ ची रुंदी द्यायची तर १३६५.३३ येतात, ते पुढच्या सम आकड्यापर्यंत नेले. २०१२ च्या एप्रिलमध्ये स्टॅटकाउंटरनं जाहीर केलं, की मोबाइल वगळता इंटरनेटवर १०२४×७६८ ला मागे टाकून १३६६×७६८ पहिल्या क्रमांकावर आलं आहे. बातमी प्रगतीची वाटते. पण दुसरा आकडा बघा. १९९० मध्ये ७६८ आणि २०१२ मध्येही ७६८. बावीस वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, पण हा आकडा एका ओळीनंही वाढला नाही.

इथे कुणी म्हणेल, की २००० साली थिंकपॅड ए२१पी वर १५ इंची १६००×१२०० मिळत होतं, म्हणजे दहा वर्षांत आपण मागेच गेलो. संशोधनाच्या दृष्टीनं ही तुलना कच्ची आहे. ए२१पी हा महागडा, निवडक लोकांचा लॅपटॉप होता, आणि १३६६×७६८ हा विद्यार्थ्यांच्या बजेटमधला. तुलना सारख्याची सारख्याशी हवी, म्हणूनच मी साध्या लॅपटॉपची उंची साध्या लॅपटॉपच्या उंचीशी लावून बघितली. तरीही निष्कर्ष उरतोच: प्रगती थांबली होती. आणि ए२१पी सांगतो की तंत्रज्ञान नव्हतं म्हणून थांबली, असं नाही.

मग अडलं कुठे? मोठा वाटा सॉफ्टवेअरचा आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशनं एका इंचात ७२ पिक्सेल धरले होते, कारण छपाईतला पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. विंडोजनं ९६ धरले. असंख्य प्रोग्रॅम हा ९६ आकडा कायमचा गृहीत धरून लिहिले गेले. बटण ३२ पिक्सेलचं म्हणजे ३२ पिक्सेलचंच. पडदा दाट केला की ते बटण आणि शेजारची अक्षरं मुंगीएवढी होणार. त्यामुळे दाट पडदा घेणारे लोक कुरकुर करायचे आणि कंपन्यांना तो बनवण्यात फायदा दिसायचा नाही. विंडोज व्हिस्टानं २००७ मध्ये जुन्या प्रोग्रॅमचं चित्र ताणून मोठं करायची सोय दिली, पण ते धूसर दिसायचं. प्रत्येक पडद्यासाठी वेगळं स्केलिंग थेट २०१३ मध्ये, विंडोज ८.१ मध्ये आलं.

पडदा आडवा का झाला?

दुसरं कारण काचेचं. एलसीडी पॅनेल मोठ्या काचेच्या पत्र्यातून कापली जातात. लॅपटॉप विकला जातो कर्णाच्या इंचांवर, पण काच लागते क्षेत्रफळावर. १४ इंची ४:३ पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ९४ चौरस इंच आहे, १६:१० चं ८८ आणि १६:९ चं ८४. म्हणजे '१४ इंची' हे लेबल तसंच ठेवून सुमारे ११ टक्के काच वाचते! त्यात टीव्हीही १६:९ कडे गेले होते, त्यामुळे कारखान्यांना एकच प्रमाण सोयीचं झालं. आपल्याला सांगितलं गेलं की सिनेमा बघायला छान. ते खरंही आहे. पण पेपर वाचायला?

ए४ कागद उभा असतो, २९.७ सेंटिमीटर उंच. १४ इंची पडद्याची उंची १६:९ मध्ये १७.४ सेंटिमीटर भरते आणि १६:१० मध्ये १८.८. दीडेक सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण वरचा मेन्यू आणि खालचा टास्कबार दोन्हींत सारखीच जागा खातात. म्हणजे वाढलेली सगळी जागा मजकुरालाच मिळते. १५.६ इंची १६:९ पडद्याची उंची १९.४ सेंटिमीटर आहे. उंचीच्या हिशोबात छोटा १४ इंची १६:१० त्याच्या अगदी जवळ येतो, आणि पाठीवरचं ओझंही सहसा कमी होतं.

रेटिना: एक कला म्हणजे किती?

२०१० मध्ये आयफोन ४ आला. ४८०×३२० चं थेट दुप्पट, ९६०×६४०. घनता ३२६. स्टीव्ह जॉब्स म्हणाले, की १०-१२ इंचांवरून बघितलं तर ३०० च्या आसपास माणसाच्या डोळ्याची मर्यादा येते. याला आधार आहे १८६२ च्या स्नेलेनच्या तक्त्याचा, डोळ्यांच्या दवाखान्यात असतो तो. ६/६ दृष्टी म्हणजे एक कला, अर्थात अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील ओळखता येणं. डिस्प्ले तज्ज्ञ रेमंड सोनेरा यांनी लगेच आक्षेप घेतला, की निरोगी डोळ्याची खरी मर्यादा याहून बारीक आहे. खगोलशास्त्रज्ञ फिल प्लेट यांनी उलट बाजू घेतली: सर्वसाधारण दृष्टीच्या माणसासाठी जॉब्स यांचं म्हणणं चालून जातं. दोघांचंही गणित बरोबर होतं. फरक होता तो 'मर्यादा कुणाची धरायची' या व्याख्येत. वाद वाचताना आधी व्याख्या तपासायची सवय लावून घ्या, पुढे फार उपयोगी पडते.

२०१२ मध्ये हीच दुपटीची युक्ती मॅकबुक प्रोवर आली: १४४०×९०० चं २८८०×१८००, घनता २२०. पूर्ण दुप्पट असल्यामुळे जुन्या एका पिक्सेलचे नेमके चार झाले, तुकडे करायची वेळच आली नाही. मग गूगलचा क्रोमबुक पिक्सेल (२०१३) आणि मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ३ (२०१४) ३:२ अशा उंच पडद्यांसह आले. २०२० मध्ये डेलच्या एक्सपीएस १३ नं पुन्हा १६:१० धरलं, आणि आज हे प्रमाण मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्येही सहज मिळतं.

आता तुमच्या डोळ्यांचा हिशोब. पट्टी घेऊन डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. एक कलेच्या हिशोबानं ६० सेंटिमीटरवरून सुमारे १४५ पीपीआय पुरते, ५० वरून १७५, आणि ४० वरून २१८. आता मघाचे दोन आकडे आठवा. १५.६ इंची फुल एचडीची घनता १४१, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून जवळपास पुरेशी. १३६६×७६८ ची १००, म्हणजे कुठल्याच सोयीच्या अंतरावरून पुरेशी नाही.

देवनागरीचं काय?

वरच्या ९×१४ आणि ८×८ चौकटी इंग्रजी अक्षरांसाठी होत्या. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. ८ पिक्सेलमध्ये 'ष्ट्यू' कसं बसवणार? म्हणूनच पीसीवर भारतीय लिप्यांसाठी वेगळं कार्ड बसवावं लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान त्यातलंच.

आज कार्ड लागत नाही, पण तीन मजले अजून आहेत. मायक्रोसॉफ्टचं क्लिअरटाइप तंत्र पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून अक्षर सुबक करतं. पण पट्ट्या शेजारी शेजारी असल्यामुळे फायदा मुख्यतः आडव्या दिशेत होतो, उभ्या दिशेत खरे पिक्सेलच लागतात. म्हणून मराठीतून काम करणाऱ्यांनी, जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, गॅझेटिअर, नियतकालिकं वाचणाऱ्यांनी घनता थोडी जास्तच धरावी. दुकानात एक सोपी परीक्षा घ्या. पेनड्राइव्हवर एखादी मराठी पीडीएफ न्या, १०० टक्क्यांवर उघडा आणि नेहमीच्या अंतरावरून 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'द्ध' आणि 'द्व' न अडखळता ओळखू येतात का बघा. जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा या पाच मिनिटांवर भरवसा ठेवा.

मग घ्यायचा कोणता?

आधी एक गैरसमज दूर करू. जास्त पिक्सेल म्हणजे जास्त जागा, असं नेहमी नसतं. बऱ्याच १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज स्वतःच १५० टक्के स्केलिंग लावून देतं. मग कामाची जागा उरते १२८०×७२०, म्हणजे जुन्या १३६६×७६८ पेक्षाही कमी! अक्षरं सुबक, पण ओळी कमी. १२५ टक्के केलं की १५३६×८६४ मिळतं. १५.६ इंची ४के पडद्यावर २५० टक्के स्केलिंग लावलं तर जागा किती? ३८४० भागिले २.५ म्हणजे १५३६, आणि २१६० भागिले २.५ म्हणजे ८६४. अगदी तेवढीच. म्हणजे चौपट पिक्सेलचे पैसे मोजले, बॅटरीवरचा भार वाढवला, आणि जागा तीच.

यावरून माझा सल्ला असा:

१. १३६६×७६८ नवीन घेऊ नका. जाहिरातीत ते नुसतं 'एचडी' म्हणून येतं, म्हणून 'फुल' हा शब्द आहे का ते नीट बघा.

२. बजेट घट्ट असेल तर १५.६ इंची १९२०×१०८०, स्केलिंग १२५ टक्के. वाचनाला पुरतं.

३. थोडे जास्त पैसे शक्य असतील तर १४ इंची १९२०×१२००. घनता १६२, आणि १२५ टक्क्यांवर जागा १५३६×९६०. लायब्ररी, लॅब, हॉस्टेल असा रोज फिरणारा लॅपटॉप असेल तर बहुतेकांसाठी मला हाच योग्य वाटतो.

४. १४ इंची २८८०×१८०० तेव्हाच, जेव्हा तुमचं काम बारीक प्रतिमांचं, हस्तलिखितांचं किंवा दिवसभर मराठी मजकुराचं आहे. त्याला बरोबर २०० टक्के स्केलिंग लावा. आधी आपली सॉफ्टवेअर त्यावर चालवून बघा. इमेजजेसारख्या जुन्या प्रोग्रॅमचा टूलबार दाट पडद्यावर चिमुकला दिसण्याचा त्रास अनेकांनी सोसला आहे, आणि उपकरणांबरोबर येणारी सॉफ्टवेअर तर त्याहून जुनी असतात.

५. ४के लॅपटॉपचे पैसे वाचवा आणि त्यातल्या थोड्या पैशांत २४ इंची साधा मॉनिटर टेबलावर ठेवा. १६:९ च्या २४ इंची मॉनिटरची उंची आहे २९.९ सेंटिमीटर, म्हणजे ए४ ची उंची! घनता फक्त ९२ आहे, पण तो थोडा लांब ठेवता येतो, मान सरळ राहते आणि जवळपास पूर्ण पान एका नजरेत येतं. एका बाजूला पेपर आणि दुसऱ्या बाजूला तुमचं लिखाण ठेवून काम केलंत की फरक कळेल.

पॅनेल आयपीएस आहे का आणि उजेड पुरेसा आहे का, हेही बघा. आणि डोळे दुखत असतील तर स्क्रीन बदलण्याआधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर कुठलंही रिझोल्यूशन मदतीला येणार नाही.

जाता जाता

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या गोष्टीतून आणखी एक सवय उचलावी. आपल्या प्रत्येक विषयात असा एखादा '७६८' असतो. नमुन्याची ठरलेली संख्या, ०.०५ ची मर्यादा, एखाद्या प्रोटोकॉलमधली 'रात्रभर ठेवा' अशी सूचना. सगळे वापरतात म्हणून आपणही वापरतो. त्यातले काही आकडे पक्क्या कारणानं आलेले असतात, काही पंच कार्डासारख्या जुन्या सवयीतून, आणि काही कुणाची तरी काच वाचावी म्हणून. कुठला आकडा कुठल्या जातीचा, हे त्याचा इतिहास काढल्याशिवाय कळत नाही. लॅपटॉप घेताना हा सराव करून बघा. सिनॉप्सिस लिहिताना कामाला येईल.